विभेदी विवर्धकाचे कार्य : विवर्धन आणि समतोल

प्रस्तावना :

बुलडाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावी छातीत कळ येते म्हणून एखादा रुग्ण दवाखान्यात आला, की प्रथम त्याचा ईसीजी काढला जातो. या आलेखाच्या कागदावरील एक मिलिमीटर उंची म्हणजे विद्युत्दाबाचा एक दशांश मिलिव्होल्ट होय. हृदयविकाराच्या झटक्याची शंका असताना डॉक्टर आलेखाच्या ज्या ‘एसटी’ भागाकडे पाहतात, तो पायरेषेपासून एक-दोन मिलिमीटर वर सरकला आहे किंवा नाही, यावर रुग्णाला तातडीने बुलडाण्याला हलवावे की नाही हा निर्णय बऱ्याच अंशी अवलंबून असतो. त्याच खोलीत छताचा पंखा फिरत असतो, भिंतीतून २३० व्होल्टच्या तारा गेलेल्या असतात आणि रुग्णाचे शरीर या साऱ्या विद्युत् पसाऱ्याच्या मधोमध पडलेले असते. एक दशांश मिलिव्होल्ट आणि २३० व्होल्ट यांतील प्रमाण तेवीस लाखांचे आहे. तरीही कागदावर हृदयाचाच आलेख उमटतो, पंख्याचा उमटत नाही. हे ज्या मंडलामुळे शक्य होते ते म्हणजे विभेदी विवर्धक, अर्थात प्रयोगशाळेच्या भाषेत डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायर.

इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवी अभ्यासक्रमात हा घटक असतोच. परंतु तो बहुधा विवर्धनाची दोन सूत्रे सिद्ध करून संपविला जातो. त्यामुळे विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, हा आणखी एक विवर्धक असून त्याला दोन आदानमुखे आहेत एवढेच त्याचे वैशिष्ट्य. वस्तुतः हे मंडल कशाचे विवर्धन करते यापेक्षा कशाचे विवर्धन करीत नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात विभेदी विवर्धकाचे कार्य या दृष्टीने स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. अन्य विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही विवेचन सुगम व्हावे यासाठी बीजगणित टाळून आकडेमोडीचा आधार घेतला आहे.

शरीरावरील सामाईक विद्युत्दाब :

घरगुती वीजवाहिनी शरीराला स्पर्श करीत नसली तरी ती आणि शरीर यांच्यामध्ये हवा हे निरोधक माध्यम असते. दोन वाहक आणि मध्ये निरोधक म्हणजे धारक. ही धारकता अत्यल्प, समजा ३ पिकोफॅरड, असते. शरीर आणि जमीन यांच्यामध्येही अशीच धारकता असते, ती ३०० पिकोफॅरडच्या घरात धरता येईल. हे दोन धारक एकसरीत जोडलेले असल्याने २३० व्होल्टची त्यांच्यात विभागणी होते आणि शरीराच्या वाट्याला सुमारे २.३ व्होल्ट येतात. पलंगावर निवांत पडलेल्या माणसाच्या अंगावर, त्याला नकळत, ५० हर्ट्झचे सव्वादोन व्होल्ट नांदत असतात. हृदयाचा सर्वांत मोठा स्पंद त्वचेवर मोजला तर १ मिलिव्होल्टच्या आसपास भरतो.

येथे एक गोष्ट मापकाच्या पथ्यावर पडते. बाहेरून आलेला हा दाब उजव्या हातावर जेवढा असतो जवळजवळ तेवढाच डाव्या हातावरही असतो, कारण संपूर्ण शरीर एकच वाहक म्हणून वरखाली होते. हृदयाने निर्माण केलेला दाब मात्र दोन हातांवर वेगवेगळा असतो. पहिल्याला सामाईक दाब आणि दुसऱ्याला भेद-दाब म्हणू. ईसीजीतील पहिली ‘लीड’ म्हणजे डाव्या हातावरील दाबातून उजव्या हातावरील दाब वजा करून आलेले उत्तर होय. म्हणजे येथे मापन एका बिंदूचे नसून दोन बिंदूंमधील फरकाचे आहे.

तराजूची उपमा येथे चपखल बसते. तराजू धरलेला हात वर नेला काय किंवा खाली आणला काय, दांडी कलत नाही. दोन पारड्यांतील वजनांत फरक पडला तरच ती कलते. मात्र त्यासाठी दांडीचे दोन्ही बाहू समान असावे लागतात. एक बाहू किंचित लांब असेल तर दोन्ही पारड्यांत सारखे वजन टाकूनही दांडी कलते, आणि वजन जितके मोठे तितकी ती अधिक कलते. विभेदी विवर्धकाच्या गुणवत्तेचा सारा प्रश्न या बाहूंच्या समानतेचा आहे.

ही समानता किती काटेकोर हवी? कागदावर उरणारी ५० हर्ट्झची थरथर एक दशांश मिलिमीटरच्या आत राहावी अशी अपेक्षा ठेवली, तर २.३ व्होल्ट सामाईक दाबाचा परिणाम ०.०१ मिलिव्होल्टपेक्षा अधिक दिसता कामा नये. भेद-दाबाचे विवर्धन हे सामाईक दाबाच्या विवर्धनाच्या २,३०,००० पट असले पाहिजे, असा याचा अर्थ. या गुणोत्तराला सामाईक-निरास गुणोत्तर किंवा सर्वत्र प्रचलित नावाने सी.एम.आर.आर. म्हणतात. दर दसपटीला २० डेसिबल या हिशेबाने वरील अपेक्षा १०७ डेसिबलची झाली.

दोन ट्रान्झिस्टर आणि एक शेपटी :

जैविक दाब मोजण्याच्या गरजेतूनच हे मंडल प्रामुख्याने घडले. नेदरलँड्समधील लायडनचे विलेम आइन्टहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी तंतु-गॅल्व्हानोमीटरने हृदयाचे आलेख घेतले आणि १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या उपकरणात विवर्धक नव्हता; तंतूच दोन टोकांतील फरक दाखवीत असे. निर्वात नलिकांचे विवर्धक आल्यावर संदेश मोठा करणे सोपे झाले, पण त्याबरोबर गोंगाटही मोठा होऊ लागला. १९३४ मध्ये केंब्रिजच्या ब्रायन मॅथ्यूज यांनी शरीरक्रियाविज्ञानातील मापनासाठी विभेदी आदान असलेला विवर्धक वर्णिला. १९३६ मध्ये इ.एम.आय. कंपनीचे अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी आपल्या एकस्व अर्जात ज्या रचनेचे वर्णन केले, ती पुढे ‘लांब शेपटीची जोडी’ या गमतीदार नावाने ओळखली गेली. आजच्या पाठ्यपुस्तकातील आकृती तीच आहे, केवळ नलिकांच्या जागी ट्रान्झिस्टर आले आहेत.

या रचनेत दोन एकसारखे ट्रान्झिस्टर घेऊन त्यांचे एमिटर एकत्र जोडतात. त्या सांध्यापासून एक रोधक ऋण विद्युत्पुरवठ्याकडे जातो. ही ती शेपटी. प्रत्येक कलेक्टर स्वतंत्र रोधकाद्वारे धन पुरवठ्याला जोडलेला असतो आणि दोन बेस ही दोन आदानमुखे होत.

शेपटीतून वाहणारा प्रवाह जवळपास स्थिर असतो, हे या मंडलाचे मर्म. पाटाने ठरावीक पाणी येते आणि पुढे ते दोन चाऱ्यांत विभागले जाते, तसा हा प्रकार आहे. दोन्ही चाऱ्यांची तोंडे सारखी असतील तर पाणी निम्मे-निम्मे जाते. एका चारीचे तोंड थोडे मोठे केले की तिच्यात जेवढे पाणी वाढते, नेमके तेवढेच दुसरीत घटते. एका बेसवरील दाब दुसऱ्यापेक्षा किंचित वाढला की पहिल्या ट्रान्झिस्टरचा प्रवाह वाढतो, दुसऱ्याचा तेवढाच कमी होतो आणि कलेक्टरवरील दाब परस्परविरुद्ध दिशांना सरकतात.

ही विभागणी घातांकी नियमाने होते. दोन बेसमधील फरक सुमारे ६० मिलिव्होल्ट झाला, की एका बाजूचा प्रवाह दुसरीच्या दसपट होतो, म्हणजे शेपटीच्या प्रवाहाचा ९१ टक्के भाग एकीकडे आणि ९ टक्के दुसरीकडे. शंभर-सव्वाशे मिलिव्होल्टला तर जवळजवळ सर्व प्रवाह एकाच बाजूने वाहू लागतो. यास्तव हे मंडल विवर्धक म्हणून केवळ मधल्या अरुंद पट्ट्यात, ढोबळमानाने वीस-पंचवीस मिलिव्होल्टच्या आत, विश्वसनीय असते. पुष्कळ विद्यार्थी प्रयोगात एका आदानमुखाला थेट अर्धा व्होल्ट देतात, प्रदानात चौकोनी लहर पाहतात आणि जोडणी चुकली असे समजून तारा उपसू लागतात. वास्तविक मंडल आपल्या नियमानुसारच वागत असते.

आता दोन्ही बेसवरील दाब एकदम एक व्होल्टने वाढला असे समजू. चाऱ्यांच्या तोंडांतील प्रमाण बदलले नाही, म्हणून विभागणीही बदलत नाही. दोन्ही एमिटर बेसच्या पाठोपाठ एक व्होल्टने वर चढतात आणि शेपटीचा वरचा सांधा त्यांच्याबरोबर चढतो. शेपटीतील प्रवाह खरोखर स्थिर असेल तर कलेक्टरना या घटनेची वार्ताही लागत नाही.

शेपटीच्या रोधाचे महत्त्व :

परंतु साधा रोधक हा स्थिर प्रवाहाचा स्रोत नव्हे. त्याच्या वरच्या टोकाचा दाब एक व्होल्टने वाढला की त्यातील प्रवाह थोडा वाढतोच. किती, हे एका उदाहरणाने पाहता येईल. पुरवठा धन १२ आणि ऋण १२ व्होल्ट, शेपटीचा रोध ११.३ किलोओहम, प्रत्येक कलेक्टरचा रोध १० किलोओहम घेतला. बेस शून्य दाबावर असताना एमिटर उणे ०.७ व्होल्टवर असतात, म्हणून शेपटीवर ११.३ व्होल्ट पडतात व तिच्यातून १ मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह वाहतो. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या वाट्याला अर्धा मिलिअ‍ॅम्पिअर येतो. या प्रवाहाला ट्रान्झिस्टरचा आंतरिक एमिटर-रोध ५२ ओहम असतो. एका कलेक्टरवरून प्रदान घेतल्यास भेद-दाबाचे विवर्धन १० किलोओहम भागिले १०४ ओहम, म्हणजे ९६ पट होते. सामाईक दाबाचे विवर्धन १० भागिले २२.६, म्हणजे ०.४४ पट. दोहोंचे गुणोत्तर सुमारे २१७, म्हणजे ४७ डेसिबल.

पदवीच्या प्रयोगशाळेत मिळणारे उत्तर बहुधा याच्याच आसपास असते आणि ते वहीत समाधानाने नोंदविले जाते. ईसीजीच्या अपेक्षेच्या तुलनेत ते हजारपटीने अपुरे आहे.

यावर पहिला विचार असा सुचतो की, विवर्धन वाढवावे. कलेक्टरचा रोध दुप्पट केला तर ९६ चे १९२ होतील. परंतु त्याबरोबर सामाईक विवर्धनही दुप्पट होते आणि गुणोत्तर २१७ च राहते. वरच्या गणितात कलेक्टरचा रोध अंश आणि छेद या दोहोंतून उडून जातो. उरते ते शेपटीचा रोध भागिले ५२ ओहम. म्हणजे निवड करण्याचे सामर्थ्य कलेक्टरपाशी नसून शेपटीपाशी आहे. हे सूत्र फळ्यावर नेहमीच लिहिले जाते, पण त्याचा हा अर्थ क्वचितच सांगितला जातो.

शेपटीचा रोधच वाढवावा तर दुसरी अडचण येते. १ मेगओहमच्या रोधकातून १ मिलिअ‍ॅम्पिअर वाहण्यासाठी हजार व्होल्टचा पुरवठा लागेल. हा पेच तिसऱ्या ट्रान्झिस्टरने सुटतो. त्याच्या बेसवर स्थिर दाब ठेवला आणि एमिटरमध्ये लहान रोधक घातला, की त्याचा कलेक्टर प्रवाहाच्या बाबतीत हट्टी होतो. दाब कितीही बदलो, प्रवाह जवळजवळ तोच. बदलत्या दाबाला तो मेगओहमसारखा भासतो, मात्र त्यासाठी काही व्होल्टच खर्ची पडतात. शेपटीत असा १ मेगओहमचा प्रवाह-स्रोत आला की तेच गुणोत्तर १९,००० च्या पुढे, म्हणजे ८६ डेसिबलच्या जवळ जाते. कलेक्टरच्या बाजूने मंडलात काहीही बदललेले नसते.

जोडी जुळणे आणि विदर्भातील उन्हाळा :

वरील गणितात दोन्ही ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे मानले होते. बाजारातून आणलेले बी.सी. ५४७ चे दोन नग तसे नसतात. समान प्रवाहाला त्यांच्या बेस-एमिटर दाबांत काही मिलिव्होल्टचा फरक असू शकतो. शिवाय हा दाब तापमान एका अंशाने वाढताच सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. दोन्ही ट्रान्झिस्टरचे तापमान बरोबरीने वाढले तर तो सामाईक बदल ठरतो आणि निरास पावतो. पण प्रयोगाच्या फळीवर ते दोन इंच अंतरावर असतील व एकाला पंख्याचा वारा लागत असेल, तर एका अंशाचा फरक पडायला वेळ लागत नाही. हे २ मिलिव्होल्ट विवर्धकाला भेद-दाबच वाटतात, आणि ते हृदयाच्या स्पंदाच्या दुप्पट आहेत. मे महिन्यात विदर्भातील प्रयोगशाळेत या प्रयोगाचे वाचन स्थिर राहत नाही, याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. एका ट्रान्झिस्टरवर बोट टेकवून प्रदान कसे सरकते हे विद्यार्थ्यांना दाखविणे, हे या विषयावरील उत्तम प्रात्यक्षिक आहे आणि त्याला खर्चही नाही.

दोन्ही ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एकाच चकतीवर, परस्परांना लागून, एकाच प्रक्रियेत तयार करणे हा यावरील खरा उपाय. एकात्मित मंडलाने तो हाती दिला. १९६५ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत बॉब विडलर यांनी रचलेला ७०९ आणि १९६८ मध्ये डेव्हिड फुलागर यांनी रचलेला ७४१, या क्रियात्मक विवर्धकांच्या दारातच विभेदी जोडी उभी आहे. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून ७४१ ला आजही रजा मिळालेली नाही. त्याच्या आकृतीत एक धन व एक ऋण असे जे दोन पाय काढतात, ते या जोडीचे दोन बेस होत, एवढे जरी विद्यार्थ्याच्या लक्षात आले तरी पुढचा अर्धा अभ्यासक्रम त्याला परका वाटणार नाही.

त्वचेपासून सुरू होणारा समतोल :

ईसीजी यंत्राच्या आदानाशी उघडी जोडी वापरता येत नाही. इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्या संपर्कात लहानसा विद्युत्घट तयार होतो. दोन इलेक्ट्रोडांच्या घटांत फरक असतो आणि यंत्राने ३०० मिलिव्होल्टपर्यंतचा असा स्थिर फरक सहन करावा अशी अपेक्षा असते. ६० मिलिव्होल्टला कलंडणारी जोडी येथे निरुपयोगी ठरते. म्हणून प्रत्येक आदानावर प्रतिपुष्टी दिलेला एकेक क्रियात्मक विवर्धक आणि त्यांच्यामागे वजाबाकी करणारा तिसरा, अशी तीन विवर्धकांची रचना करतात. पहिल्या टप्प्याचे विवर्धन मुद्दाम कमी ठेवतात, स्थिर फरक गाळून टाकतात आणि मग संदेश मोठा करतात.

दुसरी युक्ती उजव्या पायाची. ईसीजी काढताना उजव्या पायालाही इलेक्ट्रोड लावतात, पण आलेखात उजव्या पायाची लीड नसते, हे अनेकांना कोडे वाटते. वीजवाहिनीतून शरीरात शिरणारा प्रवाह वरील ३ पिकोफॅरडच्या हिशेबाने जेमतेम ०.२ मायक्रोअ‍ॅम्पिअर असतो. त्याला उजव्या पायातून वाट करून दिली आणि त्या इलेक्ट्रोडचा रोध ५० किलोओहम धरला, तर शरीरावरील सामाईक दाब २.३ व्होल्टवरून १० मिलिव्होल्टवर येतो. आधुनिक यंत्रे याच्याही पुढे जातात. दोन हातांवरील सरासरी दाब घेऊन, तो उलटा व मोठा करून, संरक्षक रोधकामार्फत उजव्या पायाला परत देतात. हे विवर्धन चाळीस पट असेल तर १० मिलिव्होल्टचे पाव मिलिव्होल्ट उरतात. या मंडलाचे पद्धतशीर विश्लेषण विंटर आणि वेबस्टर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केले.

इतके सारे असूनही आलेखावर दाट थरथर दिसते, ती का? बहुतेक वेळा कारण यंत्राच्या बाहेर असते. एका हाताच्या इलेक्ट्रोडखाली जेल नीट लावले आहे, दुसऱ्याखाली ते वाळले आहे. दोहोंच्या रोधांत २० किलोओहमचा फरक पडला आहे, असे समजू. यंत्राचा आदान-रोध ५ मेगओहम असेल तर सामाईक दाबाचा अडीचशेवा भाग या असमानतेमुळे भेद-दाबात रूपांतरित होतो. १० मिलिव्होल्टचा अडीचशेवा भाग ४० मायक्रोव्होल्ट, म्हणजे कागदावर ०.४ मिलिमीटर. हे रूपांतर विवर्धकाच्या दारापूर्वीच झालेले असल्याने आतील चिपचा सी.एम.आर.आर. १२० डेसिबल असला तरी तो काही करू शकत नाही. त्यात उजव्या पायाचा इलेक्ट्रोडही सैल असेल तर सामाईक दाब स्वतःच कित्येक पटींनी वाढतो. त्वचा पुसणारी, जेल लावणारी परिचारिका ही या अर्थाने मंडलाच्या समतोलाची पहिली जबाबदार व्यक्ती आहे.

यंत्रावरील ५० हर्ट्झची गाळणी चालू करण्याचा मोह अशा वेळी होतो. ती थरथर झाकते, पण काही गाळण्या आलेखाच्या तीक्ष्ण भागाचा आकारही बदलतात. म्हणून आधी इलेक्ट्रोड तपासावेत हाच क्रम योग्य. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तळहातावर मावणारे, मोबाईल फोनद्वारे बारा लीडचा आलेख दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविणारे टेली-ईसीजी यंत्र विकसित केले आहे. अशा यंत्रामुळे खेड्यातील रुग्ण आणि शहरातील हृदयरोगतज्ज्ञ यांतील अंतर मिटते. परंतु खेड्यात वाळलेल्या जेलमुळे उमटलेली थरथरही तितक्याच निष्ठेने शहरात पोहोचते.

जे सामाईक नाही त्याचे काय :

विभेदी विवर्धक समान दाब नाकारतो. गोंगाट दोन आदानांवर मुळातच असमान आला तर त्याला तो हृदयाच्या संदेशापासून वेगळा ओळखता येत नाही. रुग्णाचा हात थंडीने किंवा भीतीने कापत असेल तर स्नायूंचा दाब हा खराखुरा भेद-दाब असतो. दोन हातांच्या तारा दूर पसरलेल्या असतील तर त्यांच्यामध्ये तयार झालेल्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र जाते आणि त्यात प्रवर्तित होणारा दाबही भेद-दाबच असतो. येथे उपाय मंडलात नाही. तारा एकत्र पिळून ठेवणे एवढाच आहे.

याचे दुसरे उदाहरण अमडापूरच्या परिसरात शेताच्या बांधावरच आढळेल. हा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा. विहीर किंवा कूपनलिका घेण्यापूर्वी खडकातील ओलसर थरांचा अंदाज घेण्यासाठी भूविद्युत् रोधकता पाहणी करतात. वेनर पद्धतीत चार सळ्या एका ओळीत समान अंतरावर रोवतात, बाहेरच्या दोन सळ्यांतून जमिनीत प्रवाह सोडतात आणि आतल्या दोहोंमधील दाब मोजतात. सळ्यांतील अंतर २० मीटर, रोधकता ५० ओहम-मीटर आणि प्रवाह ५० मिलिअ‍ॅम्पिअर धरला, तर हा दाब २० मिलिव्होल्ट येतो. अंतर वाढवून अधिक खोलवर पाहू लागल्यास तो आणखी घटतो. आतल्या दोन्ही सळ्यांवर सारखा येणारा दाब मोजमाप-यंत्राची विभेदी जोडी नाकारते.

मात्र शेजारच्या शेतात पंपाच्या अर्थिंगमधून गळणारा प्रवाह जमिनीतून वाहत असेल, तर तो जवळच्या सळीवर अधिक आणि दूरच्या सळीवर कमी दाब निर्माण करतो. शिवाय धातूची सळी आणि ओली माती यांच्यात स्थिर दाब असतो, तोही दोन सळ्यांवर एकसारखा नसतो. विवर्धकाच्या दृष्टीने हे सर्व फरक खरेच असतात. म्हणून येथे दुसरी वजाबाकी करावी लागते, आणि ती जागेत नव्हे तर काळात. बाहेरच्या सळ्यांतील प्रवाह एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने सोडून दोन वाचने घेतात. पाहणीच्या प्रवाहामुळे आलेला दाब दिशेबरोबर चिन्ह बदलतो, सळीचा स्थिर दाब बदलत नाही. दोन वाचनांच्या वजाबाकीचे निम्मे केले की तो उडून जातो. पंपाची ५० हर्ट्झची गळती घालविण्यासाठी प्रत्येक वाचन वीजपुरवठ्याच्या पूर्ण आवर्तनांवर, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटींवर, सरासरी काढून घेतात. पंप चालू-बंद होण्याच्या क्षणी घेतलेले वाचन मात्र टाकून द्यावे लागते.